सिस्टर रणभिसेंचा फोटो

हवालदार तांबवेकरांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली, खाकी फायलीतून एक फॉर्म काढला आणि त्यावर डकवलेल्या फोटोवर बोट टेकवून विचारलं, "पोतनीस, ह्यो तुमच्याकडचाच न्हवं?"

माझाच होता. मागचा शिक्का बघायचीही गरज नव्हती. असा मऊ उजेड मिरजेत दुसऱ्या कुणाच्या फोटोत पडायचा नाही, आणि हे मी म्हणत नाही, अख्खं गाव म्हणायचं. निदान तेव्हा म्हणायचं. शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. मी चौतीस वर्षांचा होतो, स्टेशन रोडला माझा स्वतःचा स्टुडिओ होता आणि स्वतःच्या हाताचं मला जरा जास्तच कौतुक होतं.

माझाच म्हणालो. सिस्टर रणभिसेंचा, पासपोर्टसाठी काढलेला.

हवालदारांनी मान हलवली, पण ती काही होकाराची नव्हती. मग खुर्ची ओढून बसले आणि सगळं सविस्तर सांगितलं. एस्तेर रणभिसे नावाच्या नर्सबाईंनी पासपोर्टला अर्ज केलेला. मुंबईहून तो चौकशीसाठी ठाण्यात आला. रिवाजाप्रमाणे हवालदार पत्त्यावर गेले. बाई ड्यूटीवर होत्या, म्हणून त्यांनी घरमालकीणबाईंना, अक्काताई मगदूमांना, फोटो दाखवला आणि ह्या बाई इथंच राहतात ना, असं विचारलं. सिस्टर दोन वर्षं त्यांच्याच माडीवर राहत होत्या. अक्काताईंनी फोटो दारात उजेडाला नेला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि सांगून टाकलं की ही बाई आपण जन्मात पाहिलेली नाही. अक्काताईंना खोटं बोलणं जमायचंच नाही. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात न घालणारी जैनांच्या घरची बाई ती, पोलिसाला बरं वाटावं म्हणून थोडीच हो म्हणणार होती!

संध्याकाळी सिस्टर ठाण्यात आल्या तेव्हा हवालदारांनी स्वतः फोटो आणि माणूस ताडून पाहिलं. फॉर्मवर 'ओळखीची खूण' या रकान्यात लिहिलेलं होतं, डाव्या गालावर भाजल्याचा व्रण. बाईंच्या गालावर तो होता. कपाळाच्या कडेपासून थेट हनुवटीपर्यंत, तळहाताएवढा, अर्धी भुवई घेऊन गेलेला. फोटोत मात्र गाल लोण्यासारखा आणि भुवई शाबूत.

"बाई म्हणती फोटो माझाच. घरमालकीण म्हणती न्हवं. मला बी वाटतंय न्हवं," हवालदार म्हणाले. "एकीचा कागद आन् दुसरीचं तोंड, असलं काय प्रकरण नसावं म्हंजे झालं. म्हून तुमच्याकडं आलो. तुम्ही फोटोला काय हात लावलाय का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे आहे तसाच येतो."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली, सोमवारी फौजदारसाहेबांपुढे रिपोर्ट ठेवायचाय म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

आता खरं काय ते सांगतो. माझा धंदा चालायचा तो स्थळाच्या फोटोंवर. मुलगी विशीला आली की आई तिला शालू नेसवून माझ्याकडे आणायची, मी तिला प्लास्टिकच्या फुलांच्या कुंडीशेजारी उभी करायचो आणि हनुवटी जरा खाली घे म्हणायचो. पण फोटो काढणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं मागच्या खोलीत चालायचं. तिरप्या काचेवर निगेटिव्ह लावायची, सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल घ्यायची आणि चेहऱ्यावर बारीक बारीक ठिपके भरत जायचं. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल चढते, ती जागा छापताना उजळ निघते. देवीचे वण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मी असं पुसलेलं आहे. पोतनीसांकडे फोटो काढला की मुलगी उजवलीच समजा, असं बायका हळदीकुंकवात बोलायच्या, आणि ते कानावर आलं की मी दोन दिवस हवेत असायचो.

सिस्टर मार्चमध्ये आल्या होत्या, ड्यूटीवरून परस्पर, पांढऱ्या साडीत. कुंडी नको म्हणाल्या, पडदा नको म्हणाल्या. पासपोर्टचा फोटो आहे, आहे तसा द्या, एवढंच बोलल्या. मी ते नीट ऐकलं होतं. पण अहो, असं सगळेच म्हणतात! मुलींच्या आयासुद्धा म्हणतात, काही करू नका हं, आहे तशीच येऊ दे. आणि खरोखर काही न केलेला फोटो हातात ठेवला की तोंड पाडून बसतात. मी कॅमेऱ्यातून सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं, हा गाल असा जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सबंध दुपार मी त्या एका निगेटिव्हवर बसलो. इतकं काम मी लाखाच्या हुंड्याच्या मुलीवरही केलं नव्हतं. भुवईचे गेलेले केस सहाच्या सहा प्रतींवर ब्रशनं एकेक करून काढले. पाकीट तयार झालं तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एक पुण्याचं काम केलं.

मग हवालदारांना सरळ तसं सांगायला काय झालं होतं? सांगतो. त्याच आठवड्यात इचलकरंजीची मंडळी माझ्या काउंटरवर येऊन गेली होती. मुलगी बघून परत चालले होते. नवऱ्यामुलाच्या मामानं फोटो माझ्यापुढे टाकला आणि यातली मुलगी कुठं मिळेल तेवढं सांगा म्हणाला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी भिंतीवरच्या गणपतीकडे हात करून शपथ घेतली होती की आम्ही फक्त निगेटिव्हवरची धूळ झटकतो. आता पोलिसाच्या वहीत दुसरंच काही लिहून दिलं असतं तर गावभर झालं असतं, आणि पुढच्या लग्नसराईत माझ्या दारात कुत्रं फिरकलं नसतं. म्हणून मी नाही म्हणालो. सिस्टरांचं काय होईल हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही, हे सांगायला लाज वाटते, पण आला नाही खरा.

तो विचार शनिवारी आला, कारण शनिवारी दुपारी त्या स्वतःच आल्या.

भांडायला आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या मुलींना फोटोसाठी बसवायच्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "हवालदारांनी तुमचं म्हणणं वाचून दाखवलं, दादा. म्हणजे आता खोटी मी ठरले."

मी काहीतरी पुटपुटलो. तुमच्या भल्यासाठीच केलं, कुणालाही असाच फोटो आवडला असता, असलं काहीतरी. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग मला त्यांची हकीकत सांगितली. मी विचारली नव्हती. पण पुढच्या माणसाला सगळं कळल्याशिवाय त्याला आपली चूक दिसत नाही, हे त्यांना रोग्यांमुळे ठाऊक असावं.

अकरा वर्षं त्या नर्स होत्या, त्यातली आठ बाळंतिणींच्या वॉर्डात. साडेसहाशेवर बाळं त्यांच्या हातावर आली होती. नाळ गळ्यात अडकलेलं, पायाळू, कसलंही असलं तरी डॉक्टर आधी रणभिसेंना हाक मारायचे. मग हा व्रण झाला आणि त्या दवाखान्यात परत रुजू झाल्या. आपल्याकडे पोटुशी बाई नऊ महिने भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या कॅलेंडरकडे बघत बसते, मूल तसं व्हावं म्हणून. अशा बाईच्या डोळ्यांपुढे ऐन वेळेला हा चेहरा नको, असं सासवा म्हणू लागल्या. एकीनं तर सुनेला कळा येत असताना टांग्यात घालून दुसरीकडे नेलं. मेट्रन वाईट नव्हती, पण तिनंही शेवटी हात टेकले. तीन वर्षं सिस्टर कोठीच्या खोलीत सुया उकळत होत्या आणि चादरींच्या घड्या घालत होत्या.

मस्कतच्या एका दवाखान्याचे डॉक्टर मुंबईला नर्स निवडायला आले होते. त्यांनी सिस्टरांना एकच प्रश्न विचारला होता, बाळाचा खांदा अडकला तर काय करशील. सिस्टरांनी हातानं हवेत करून दाखवलं. त्यांना बाळंतिणींच्याच वॉर्डात घेतलं होतं. एक जुलैला तिथं हजर व्हायचं होतं. नाही झाल्या तर पुढची बाई घेणार होते.

मी म्हणालो, आत्ता बसा, नवा फोटो काढून देतो, फुकट. त्यांनी मान हलवली. नव्या फोटोचा उपयोग नव्हता. पहिल्या अर्जावर दुसऱ्या बाईचा फोटो का, याचा उलगडा होईपर्यंत पोलीस काही पुढे पाठवणार नव्हते. आणि फसवणुकीचा शेरा बसला, तर पुन्हा अर्ज करायचीही सोय राहणार नव्हती.

मग त्यांनी पर्सचा बंद उगाच उघडला, लावला.

"मी पाकीट रिक्षातच उघडलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच परत यायला पाहिजे होतं. नाही आले. घरी नेऊन दोन दिवस बघत बसले. ती बाई छान होती, दादा. मला मोह झाला, मी तोच फोटो चिकटवला. तेवढी चूक माझी. पण मस्कतला तिला नाही बोलावलंय. मला बोलावलंय."

सोमवारी अकराला मला ठाण्यात बोलावलंय, एवढं सांगून त्या उठल्या. तुम्ही या, असं म्हणाल्या नाहीत. ते म्हणाल्या असत्या तर मी कदाचित काही सबब काढली असती.

रविवारी माझं जेवणात लक्ष नव्हतं. बायकोनं, मालिनीनं, विचारलं तेव्हा सगळं ओकलो. तिनं आमटी वाढता वाढता ऐकलं आणि म्हणाली, "पुण्य तुम्ही केलंत ना? मग निस्तरायचं कुणी?" पुढे भात वाढला आणि विषय संपवला. आमच्या घरात निकाल असेच लागतात.

सोमवारी मी अकराच्या आधीच ठाण्यात जाऊन बसलो. खिशात पाकिटात ती निगेटिव्ह होती. फौजदार शिंगटे तरुण होते, कोल्हापूरकडचे. मी त्यांना सांगितलं की गेल्या आठवड्यात हवालदारांना लिहून दिलं ते खोटं आहे, फोटो याच बाईंचा आहे, व्रण मी पुसलाय. खोटं का बोललात म्हणाले. धंद्यापायी म्हणालो. सिस्टर भिंतीकडेच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या मेव्हणीचा फोटो तुमच्याकडेच काढला होता," ते म्हणाले. मी फरशीकडे बघितलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खोकलं.

पण माझ्या नुसत्या बोलण्यावर ते विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. जो माणूस एकदा खोटं लिहून देतो, त्याचं दुसरं खरं कशावरून? निगेटिव्ह खिडकीशी धरून दाखवली तर त्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, त्यांना काही कळेना. शेवटी म्हणाले, तांबवेकर, यांच्याबरोबर जा, तुमच्या डोळ्यांदेखत काय करतात ते बघा आणि मला सांगा.

माझी डार्करूम म्हणजे जिन्याखालची कोंदट खोली. त्यात मी, हवालदार आणि सिस्टर. दार लावण्याआधी मी कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि निगेटिव्हवरून हळूच फिरवला. बोळ्यावर शिशाचा करडा डाग उतरला. सबंध दुपारची मेहनत दोन मिनिटांत निघाली. मग लाल दिवा लावला, कागदावर उजेड टाकला आणि तो कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडून ट्रे हलवत राहिलो.

आधी डोळे आले, नंतर केसांमधला भांग. मग उजवा गाल, कान, साडीची किनार. डावी बाजू सगळ्यात शेवटी भरू लागली. पुसून टाकलेली एकेक गोष्ट माझ्यासमोर परत येत होती आणि मला कुणी कानाला धरून उभं केलंय असं वाटत होतं.

"आली की," हवालदार हळूच म्हणाले.

मी चिमटा घेऊन कागद उचलायला गेलो, तर सिस्टरांनी माझा हात धरला. त्या ट्रेवर वाकल्या होत्या.

"राहू द्या अजून," त्या म्हणाल्या. "नीट दिसला पाहिजे."

मी राहू दिला. व्रण होता तेवढा गडद झाला, तेव्हाच त्यांनी हात सोडला. माझ्या आयुष्यात तेवढा एकच फोटो असेल की जो कधी बाहेर काढायचा हे गिऱ्हाइकानं ठरवलं.

हवालदार तो ओला फोटो वर्तमानपत्रात घालून आधी अक्काताईंकडे घेऊन गेले. अक्काताईंनी एकदाच बघितला आणि म्हणाल्या, ही आमची एस्तेर, आधीच हा आणायचा की. मग ठाण्यात मी माझ्या हातानं जबाब लिहिला. फोटोत फेरफार मी केला, सांगितलेलं नसताना केला, अर्जदार बाईंचा त्यात काही कावा नाही. फौजदारांनी तो माझ्याकडूनच सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचून घेतला. माझे कान तापले. त्यांनी नवा फोटो जोडून सिस्टरांचा अर्ज अनुकूल शेऱ्यासह त्याच दिवशी पुढे पाठवला.

गावात ही बातमी पसरायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. मला 'पेन्सिल पोतनीस' नाव पडलं. त्या दिवाळीनंतरच्या लग्नसराईत निम्म्या आया मुलींना घेऊन सांगलीला गेल्या. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा सिस्टरांचा रागही आला होता. स्वतःच्या चुकीचा राग स्वतःवर काढायला माणसाला वेळ लागतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या आल्या. बाहेर रिक्षा उभी होती, तिच्यात पत्र्याची ट्रंक. पासपोर्ट रजिस्टर्ड पोस्टानं आला होता, आणि स्टँडवर जाता जाता त्यांनी मुद्दाम रिक्षा थांबवली होती. त्यांनी तो काउंटरवर माझ्यापुढे ठेवला. कोरा करकरीत, निळा, अजून डिंकाचा वास येणारा. मी उघडला. फोटोवर सरकारी शिक्का अर्धा चढलेला. तो फोटो चांगला नव्हता. उजेड सपाट, कडा कडक, त्यात माझ्या हाताची काहीच करामत नव्हती. पण मिरजेतल्या कुणालाही दाखवला असता तरी त्यानं नाव सांगितलं असतं. आणि आत सुवाच्य अक्षरात एक ओळ होती. ओळखीची खूण, डाव्या गालावर व्रण.

ती ओळ वाचली आणि माझ्या तोंडाशी तो प्रश्न आला. इतके दिवस दाबून ठेवला होता. गावात स्टोव्हचं नाव घेणारे होते, माणसाचं नाव घेणारेही होते. मला वाटलं, आता एवढं सगळं झाल्यावर आपला तेवढा हक्क आहे.

"सिस्टर, एक विचारू?"

त्यांनी पासपोर्ट माझ्या हातातून घेतला, मिटला.

"कसं झालं, तेच ना?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तीन वर्षं मला प्रत्येकानं तेच विचारलंय, दादा. डॉक्टरांनी, मेट्रननं, चर्चमधल्या बायकांनी, रिक्षावाल्यानंसुद्धा. कसं झालं. सांगितलं की हळहळायचे आणि माझं काम काढून घ्यायचे. ह्या एका फॉर्मनं नाही विचारलं. खूण आहे का, आणि असली तर कुठं आहे, बस्स. मी लिहिलं डाव्या गालावर. त्यांनी ते उतरवून घेतलं आणि जा म्हणाले."

 मी काउंटरच्या बाहेर येऊन त्यांची पिशवी रिक्षात ठेवली. येते दादा, म्हणाल्या. रिक्षा वळली आणि स्टँडच्या दिशेनं गेली.

त्यांना ते कसं झालं, हे मला आजही माहीत नाही. अजूनही मिरजेतलं कुणी जुनं माणूस भेटलं की विचारतं, अहो, त्या रणभिसे सिस्टरांचं ते कशानं झालं होतं हो? मी सांगतो, डाव्या गालावर होतं.